संपादकांच्या पत्राला महाविद्यालयाने उत्तर दिलेच पाहिजे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२०२५ च्या राष्ट्रीय मानांकनात, म्हणजे एनआयआरएफमध्ये, मागे घेतलेल्या शोधनिबंधांबद्दल संस्थांचे गुण पहिल्यांदाच वजा झाले आणि तेव्हापासून आपल्या खानदेशातल्या महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्येही हा विषय निघू लागला आहे. विषय निघाला हे चांगलेच झाले. परंतु माझ्या कानावर येणारी बहुतेक चर्चा गुण कसे वाचवायचे, कोणता निबंध यादीतून वगळायचा आणि कोणाचे नाव संकेतस्थळावरून काढायचे, एवढ्यापुरतीच असते. मी वनस्पतिशास्त्र शिकवले, पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले, नियतकालिकांसाठी शोधनिबंध तपासले आणि संशोधनातील गैरप्रकारांच्या तक्रारी आल्या तेव्हा चौकशी समितीवरही बसलो. त्या अनुभवावरून मला एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. एखाद्या शोधनिबंधाबद्दल शंका निर्माण होऊन नियतकालिकाच्या संपादकाने लेखकाच्या महाविद्यालयाला पत्र लिहिले, तर त्या पत्रावर ठरावीक मुदतीत चौकशी झाली पाहिजे आणि चौकशीचा निष्कर्ष कारणांसह जाहीर झाला पाहिजे. आज हे बहुतेक ठिकाणी होत नाही.

शोधनिबंध मागे घेतला जातो म्हणजे नेमके काय होते, हे आधी सांगायला हवे, कारण पुष्कळ प्राध्यापकांनाही ते नीट ठाऊक नसते. जगातील बहुतेक मोठे प्रकाशक ‘कोप’ या समितीने घालून दिलेल्या नीतिनियमांनुसार चालतात. ही समिती १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झाली आणि शोधनिबंध मागे घेण्यासंबंधीची तिची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तक्रार आली की संपादक प्रथम लेखकाकडे खुलासा आणि मूळ आकडेवारी मागतो. खुलासा पटण्याजोगा नसेल किंवा आलाच नाही, तर तो लेखकाच्या संस्थेला कळवून चौकशीची विनंती करतो, आणि चौकशी लांबत असेल तर वाचकांना सावध करणारी सूचना त्या निबंधाला जोडू शकतो. निष्कर्षांवर विसंबता येत नाही असे ठरले की निबंध मागे घेतला जातो, पण तो पुसून टाकायचा नसतो. तो होता तिथेच राहतो, त्यावर ठळक शिक्का उमटवला जातो आणि तो कोणी व कोणत्या कारणाने मागे घेतला हे सोबतच्या सूचनेत लिहिले जाते.

या सगळ्या कामात संपादक एका ठिकाणी हमखास अडतो. प्रयोगवही, यंत्रातून निघालेल्या मूळ फाइली, जपून ठेवलेले नमुने, शेतावर भरलेले नोंदरजिस्टर, सर्वेक्षणाचे मूळ फॉर्म हे सारे महाविद्यालयाच्या कपाटात असते आणि ते कपाट उघडण्याचा अधिकार फक्त महाविद्यालयाला आहे. दूरदेशी बसलेला संपादक छापलेला तक्ता पाहून संशय घेऊ शकतो, परंतु तो तक्ता कोणी, कधी आणि कशावरून तयार केला हे विचारण्यासाठी त्याच्याकडे एका पत्राखेरीज दुसरे साधन नसते. ते पत्र प्राचार्यांच्या टेबलावरून संशोधन केंद्राच्या समन्वयकाकडे, तिथून विभागप्रमुखाकडे आणि विभागप्रमुखाकडून बहुधा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच प्राध्यापकाकडे ‘अभिप्रायार्थ’ जाते. पुढे संपादकाची स्मरणपत्रे येत राहतात आणि फाइल जाड होत जाते.

चौकशी करणारी यंत्रणा हलली नाही तर काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या शोधनिबंधाचे आहे. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा संबंध स्वमग्नतेशी असावा असे सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला हा निबंध १९९८ मध्ये छापला गेला. पत्रकार ब्रायन डीअर यांनी २००४ मध्ये त्यातील गंभीर दोष उघडकीस आणले. पण ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने सविस्तर सुनावणी घेऊन निष्कर्ष दिल्यानंतरच, फेब्रुवारी २०१० मध्ये, ‘लॅन्सेट’ने तो पूर्णपणे मागे घेतला. मधल्या १२ वर्षांत लशीबद्दलचा अविश्वास देशोदेशी पसरला आणि तो अजूनही पुरता ओसरलेला नाही. याच नियतकालिकातील दुसरे प्रकरण २०२० चे. कोविडच्या सुमारे ९६,००० रुग्णांच्या नोंदींवर आधारल्याचा दावा करणारा, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयीचा निबंध २२ मे रोजी आला. जागतिक आरोग्य संघटनेने त्यानंतर आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग तात्पुरता थांबवला. आणि ४ जून रोजी तो निबंध मागे घेतला गेला. एवढ्या झपाट्याने हे घडले, कारण मूळ आकडेवारी बाळगणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीने ती स्वतंत्र तपासणीसाठी देण्यास नकार देताच सहलेखकांनीच निबंधाची जबाबदारी सोडली. दोन्ही प्रकरणांचा निकाल मूळ नोंदी कोण तपासतो आणि केव्हा तपासतो, या एकाच गोष्टीवर लागला.

आता आपल्याकडे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्याला प्रतिबंध यासाठी विनियम काढले. त्यांनुसार प्रत्येक विभागाची आणि प्रत्येक संस्थेची सचोटी समिती असणे अपेक्षित आहे. विभागाच्या समितीने तक्रार मिळाल्यापासून ४५ दिवसांत अहवाल द्यायचा आहे. आणि उचललेला मजकूर १० टक्क्यांपर्यंत, १० ते ४० टक्के, ४० ते ६० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तसतशी कारवाई ठरवून दिली आहे. प्रबंधातील ६० टक्क्यांहून अधिक मजकूर उचललेला आढळला तर नोंदणीच रद्द होते. हे विनियम आवश्यक होते आणि त्यांनी पुष्कळ उघडउघड नकलेला आळाही घातला. परंतु ते फक्त नकलेपुरतेच आहेत. आकडे घरबसल्या तयार करणे, नकोसे आकडे गाळणे, एकच सूक्ष्मदर्शकी छायाचित्र फिरवून दोन वेगळ्या नमुन्यांचे म्हणून दाखवणे, या गोष्टी त्या टक्केवारीच्या चौकटीत बसत नाहीत. मनाने रचलेला तक्ता कुठूनही उचललेला नसतो, म्हणून संगणकाच्या अहवालात तो निर्दोष ठरतो. अमेरिकेत आरोग्य संशोधनातील अशा गैरप्रकारांसाठी १९९२ पासून स्वतंत्र सरकारी कार्यालय आहे आणि तिथल्या व्याख्येत नकलेच्या बरोबरीने, किंबहुना तिच्या आधी, बनावट आकडेवारी आणि आकड्यांची फिरवाफिरव येते. आपल्याकडे ‘दहाच्या आत आहे ना, मग काही चिंता नाही’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या तोंडी इतके बसले आहे की संशोधनाची सचोटी म्हणजे तेवढीच, असा त्यांचा प्रामाणिक समज झाला आहे. हा समज आम्हा शिक्षकांनीच रुजू दिला.

एका चौकशीत मी जे पाहिले ते सांगतो. संस्था आणि माणसे यांची नावे घेण्याचे कारण नाही. केळीवरील करपा रोगावर एका वनस्पतिजन्य अर्काचा परिणाम पाहणारा तो निबंध होता आणि एका परीक्षकाने त्यातील तक्त्यावर शंका घेतली होती. आम्ही नोंदरजिस्टर मागवले. प्रयोगाची आखणी कागदावर व्यवस्थित होती, भूखंडांची मांडणी बरोबर होती. पण पहिल्या पुनरावृत्तीतील, म्हणजे तोच प्रयोग वेगवेगळ्या भूखंडांवर करतात त्यांपैकी पहिल्यातील, प्रत्येक आकड्यात ठरावीक दशांश मिळवला की दुसऱ्या पुनरावृत्तीचा आकडा येत होता आणि तेवढाच वजा केला की तिसरीचा. पानामागून पान हेच. एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांतही पानांवरचे ठिपके असे हिशेबाने पडत नाहीत. शिवाय संपूर्ण हंगामाच्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणात होत्या, कुठे खाडाखोड नव्हती. केळीच्या बागेत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे की केळीचा चीक कपड्याला किंवा कागदाला लागला की त्याचा तपकिरी डाग जन्मभर जात नाही. भर श्रावणात बागेत बसून भरलेल्या त्या रजिस्टरवर असा एकही डाग नव्हता.

तो विद्यार्थी खोटारडा होता असे मला आजही वाटत नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती, मार्गदर्शकांना पदोन्नतीसाठी निबंध हवा होता आणि त्या वर्षी अवकाळी वादळाने प्रयोगाची अर्धी झाडे आडवी केली होती. झाडे पडली, प्रयोग पुन्हा करावा लागेल, हे सांगण्याची हिंमत त्याला व्हावी असे वातावरण विभागात नव्हते. समितीने अहवाल दिला. ‘मुलाच्या भवितव्याचा प्रश्न आहे, संस्थेची बदनामी होईल,’ असे वरून सांगण्यात आले आणि अहवाल दप्तरी दाखल झाला. नियतकालिकाला काहीही कळवले गेले नाही. तो निबंध आजही कोणत्याही शिक्क्याविना उपलब्ध आहे आणि इतर लेखक त्याचा आधार घेत आहेत.

मूळ नोंदीला किती किंमत द्यायची हे खानदेशाला बाहेरून शिकण्याची गरज नाही. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाने १९२७ पासून संशोधन मंडळ उभे आहे. अस्सल कागद मिळवून तो छापायचा आणि मगच त्यावरून बोलायचे, हीच राजवाड्यांच्या कामाची रीत होती. बखरीवर विसंबून इतिहास लिहिणाऱ्यांना अस्सल कागद कुठे आहे असा त्यांनी जो प्रश्न केला, तोच प्रश्न रसायनशास्त्राच्या आणि कृषिविज्ञानाच्या विद्यार्थ्याला विचारण्यात गैर काय आहे?

या साऱ्यामागचा दबाव मी नाकारत नाही. महाविद्यालयातील सहयोगी प्राध्यापकाला प्राध्यापक व्हायचे तर आयोगाच्या पदोन्नतीविषयक २०१८ च्या नियमांनुसार किमान १० शोधनिबंध लागतात. ज्याच्याकडे आठवड्याचे तास पूर्ण भरलेले आहेत, प्रयोगशाळेत जुने यंत्र आहे आणि परीक्षा, निवडणूक, नॅकचे (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचे) मूल्यांकन यांची कामे पाठीशी आहेत, त्याने हा आकडा कसा गाठावा याचे उत्तर नियम करणाऱ्यांनी दिलेले नाही. त्या पोकळीत दलाल शिरले. निबंध लिहून देणारे, लेखकांच्या यादीतील पहिली किंवा दुसरी जागा विकणारे, अमुक दिवसांत छापून देण्याची हमी देणारे संदेश प्राध्यापकांच्या मोबाइलवर रोज येतात. हा धंदा जगभरचा आहे: २०२३ मध्ये जगात १०,००० हून अधिक शोधनिबंध मागे घेतले गेले आणि त्यांपैकी ८,००० हून अधिक एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे होते, जे वायली या बड्या प्रकाशकाने २०२१ मध्ये विकत घेतले होते. पुणे विद्यापीठात चालणारी मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि चांगले नियतकालिक ओळखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही अट २०२२ च्या विनियमांत काढली गेली, हे मात्र योग्य झाले. तरीही दबाव हे कारण झाले. चौकशी न करण्याचे ते समर्थन होऊ शकत नाही.

बदनामीच्या भीतीने सगळे गप्प बसतात आणि त्यातून एक मोठा अन्याय घडतो, तो म्हणजे प्रामाणिक चूक आणि लबाडी यांना एकाच पारड्यात टाकले जाते. २०१२ मध्ये फँग, स्टीन आणि कॅसाडेव्हल यांनी जीववैद्यक क्षेत्रातील मागे घेतलेल्या २,०४७ निबंधांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांतील ६७.४ टक्के गैरवर्तनामुळे मागे घेतले गेले होते, तर २१.३ टक्के निव्वळ चुकीमुळे. म्हणजे दर पाचांतील एक लेखक चुकला होता, लबाड नव्हता. रसायनशास्त्राचे २०१८ चे नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी ‘सायन्स’मधील आपला २०१९ चा निबंध मागे घेतला आणि जानेवारी २०२० मध्ये ती गोष्ट स्वतःच जगजाहीर केली. निष्कर्ष पुन्हा मिळत नव्हते आणि पहिल्या लेखकाची प्रयोगवही तपासता महत्त्वाच्या प्रयोगांच्या त्या-त्या वेळच्या नोंदी व मूळ आकडे सापडले नव्हते, हे कारण त्यात उघड लिहिलेले आहे. त्यांचा मान यामुळे कमी झाला नाही. आपल्या मानांकनात मात्र मागे घेतलेला निबंध म्हणजे उणे गुण, असा सरसकट हिशेब राहिला तर स्वतःची चूक सुधारणाऱ्या प्राध्यापकाला त्याचीच संस्था थांबवील. संस्थेने चौकशी केली का, ती किती दिवसांत केली, निष्कर्ष जाहीर केला का, यालाही गुण असले पाहिजेत, अशी माझी एनआयआरएफच्या आणि नॅकच्या धुरीणांना विनंती आहे.

चौकशी होऊनही पुढे काही न घडल्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. पंजाब विद्यापीठातील भूशास्त्राचे प्राध्यापक विश्वजित गुप्ता यांनी हिमालयात सापडल्याचे सांगितलेल्या जीवाश्मांबद्दल ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मधून गंभीर आक्षेप घेतले, ते नमुने हिमालयातले नसून अन्य देशांतले असल्याचे त्यांनी दाखवले. चौकशीत दोष ठेवला गेला, तरी गुप्ता विद्यापीठाच्या सेवेत राहिले. हिमालयाच्या भूशास्त्रावर काम करणाऱ्या पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला कोणती नोंद खरी आणि कोणती टाकाऊ हे स्वतः निवडत बसावे लागले.

हा प्रश्न पांढरपेशांच्या पदोन्नतीचा आहे, आपल्या गावाशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाने टिश्यू कल्चरची रोपे आणली आणि मातृरोपातच मोझॅकचा विषाणू असला, तर त्यापासून झालेले प्रत्येक रोप तो घेऊन शेतात येते. खोट्या निबंधाचा प्रवास असाच असतो. तो एका आढावा लेखात जातो, तिथून विस्तार कार्यकर्त्याच्या व्याख्यानात आणि शेवटी एखाद्या औषधाच्या माहितीपत्रकावर ‘संशोधनाने सिद्ध’ म्हणून छापला जातो. गुलाबी बोंडअळीने हैराण झालेला कापूस उत्पादक ते वाचून पैसे मोजतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेलचे सर्वेक्षण करताना एखाद्याने घरी न जाता फॉर्म भरले, तर त्यावरून ठरणारे औषधांचे आणि तपासण्यांचे नियोजन चुकते. तिथल्या आयाबायांनी विश्वासाने हात पुढे करून रक्ताचा थेंब दिलेला असतो.

म्हणून माझी मागणी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या विद्या परिषदेकडे आणि तिन्ही जिल्ह्यांतील प्राचार्यांकडे आहे. प्रत्येक मान्यताप्राप्त संशोधन केंद्राने संपादकांची पत्रे घेण्यासाठी एक अधिकारी नेमावा आणि त्याचे नाव व ई-मेल संकेतस्थळावर द्यावे. नकलेच्या तक्रारीला ४५ दिवसांची जी मुदत आहे तीच बनावट आकडेवारीच्या तक्रारीलाही लावावी, त्यासाठी आयोगाच्या पुढच्या विनियमांची वाट पाहू नये. विद्यापीठ स्वतःचा नियम करू शकते. समितीत बाहेरच्या जिल्ह्यातील निदान एक तज्ज्ञ असावा, कारण एकाच संस्थेतील माणसे रोज समोरासमोर बसतात आणि त्यांच्याकडून निर्भीड निकालाची अपेक्षा ठेवणे त्यांच्यावरही अन्याय आहे. मूळ नोंदवह्या प्रबंध सादर होताना महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा व्हाव्यात. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन भांडारावर प्रबंध चढवणे सक्तीचे आहे, मग नोंदवही विद्यार्थ्याच्या घरच्या माळ्यावर का पडावी? ग्रंथपालांनी संदर्भसूची तपासताना त्यातील एखादा निबंध मागे घेतलेला नाही ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ काम होईल. मागे घेतलेल्या निबंधांची रिट्रॅक्शन वॉच या गटाने जमवलेली सूची २०२३ पासून सर्वांना खुली आहे आणि झोटेरोसारखी संदर्भ सांभाळणारी विनाशुल्क आज्ञावली असा निबंध आपल्या यादीत असेल तर आपणहून इशारा देते.

सर्वांत आधी मात्र तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याची सोय बघावी. ज्याला मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेत चुकीचे काही चाललेले दिसते, त्याच्या प्रगती अहवालावर, शिष्यवृत्तीच्या कागदावर आणि प्रबंधावर त्याच मार्गदर्शकाची सही लागते. अशी तक्रार आल्यास त्या दिवसापासून त्याला दुसरा मार्गदर्शक देण्याची तरतूद नियमात हवी, त्याच्या नोंदणीची मुदत चौकशीच्या काळापुरती वाढवून मिळायला हवी आणि त्याचे नाव समितीबाहेर जाता कामा नये. २०१९ पासून पीएचडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्या वर्गात आपण त्याला जे शिकवतो त्याप्रमाणे तो वागला, तर त्याची पीएचडी त्यापायी अडणार नाही, याची लेखी हमी विद्यापीठाने येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत द्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक (वनस्पतिशास्त्र),
चोपडा, जि. जळगाव